फोनमधला वॉल्ट्झ

व्हर्ना झ्विकरच्या स्वयंपाकघरात ब्रेडच्या डब्यावर उताणा पडलेला फोन व्हायोलिनवरचा एक संथ वॉल्ट्झ, म्हणजे जोडीनं नाचायची धून, वाजवत होता. व्हर्ना रुबार्बच्या आंबटगोड पेस्ट्रीसाठी पीठ मळत होती, तेही नकळत त्याच तालावर.

"अजून तेच चाललंय?" शेजारचा बर्टन कॉर्कम दार न ठोठावताच आत आला. बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीचा तो कप्तान.

"बूट काढ आधी, मेल्या! हो, तेच. मधूनमधून एक बाई म्हणते, 'तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' बरं वाटतं ऐकायला. आमच्या लॉइडनं उभ्या संसारात असं कधी म्हटलं नाही."

"मग ठेव की आता."

"आधी मी ठेवू? शोभेल का ते?"

आमच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर आपण होऊन फोन ठेवायची रीत नाही. दोघंही "बरं तर मग" म्हणत राहतात, तोवर भरती येऊन ओसरते.

व्हर्नाला धक्क्यावरच्या तिकीटखोपीतली नोकरी हवी होती. पूर्वी तिचे वडील तिथे बसत. त्या वेळच्या कप्तानानं बोटीवरून मान हलवली, वडिलांनी धक्क्यावरून हलवली, झाली मुलाखत! लॉइड गेल्यापासून घरात घड्याळाखेरीज कुणी बोलत नव्हतं. तिला त्या खिडकीतून माणसं बघायची होती. पण आता नोकरभरती टोरांटोतली एक कंपनी करायची. आधी तिथली कुणी टिफनी "उद्याच कळवते" म्हणाली आणि नाहीशी झाली. मग ब्रँडननं पुन्हा अर्ज मागवला. नंतर त्याचं उत्तर आलं: क्रेन चालवण्याच्या जागेसाठी आपली निवड होऊ शकली नाही, क्षमस्व. तेव्हापासून ती त्या कंपनीच्या फोनवर ताटकळत होती.

"आणि मला काय सांगतात माहितेय?" बर्टन म्हणाला. "म्हणे, गावातलं कुणी अर्जच करत नाही."

"मग मी काय मेलेय?"

"अगं, खोपीची किल्ली आहे माझ्याकडे. त्यांचा फोन येईतो तिथे बस. नुसतं बसायला कुणाची परवानगी लागते?"

व्हर्ना जाऊन बसली. लोक खिडकीशी येऊन तिकीट मागू लागले, मग नाही कसं म्हणायचं? सकाळी ती कंपनीला फोन लावून खिडकीत ठेवी. संध्याकाळी त्यांचं ऑफिस बंद होऊन लाइन तुटली, की तिला सुटल्यासारखं वाटे. अख्खा उन्हाळा असा तरंगत गेला. धुक्यातून बोट वॉल्ट्झच्या तालावर येई, खडकांवरचे सीलसुद्धा माना वर करून ऐकत. बेटावरच्या बायका खिडकीत जॅमच्या बरण्या ठेवून जात.

सप्टेंबरातल्या एका धुकट दुपारी संगीत मध्येच थांबलं. व्हर्नानं फोन उचलून कानाला लावला.

"हॅलो, मी सव्हाना बोलतेय. अभिनंदन, मॅडम! ती जागा आम्ही तुम्हाला देतोय."

व्हर्नानं तिकिटांचा गठ्ठा बाजूला सारला.

"फक्त एक अडचण आहे. तिथे आधीपासून कुणीतरी एक बाई बसते म्हणे. प्रवासी फार वाखाणतात तिला. सुरुवातीला तिच्या हाताखाली काम शिकावं लागेल. शिकवेल ना ती?"

व्हर्नानं खिडकीच्या काचेतल्या आपल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"जरा तऱ्हेवाईक आहे ती. विचारून बघते. थांबाल ना? तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

तिनं फोन जॅमच्या बरणीला टेकवून ठेवला आणि तो वॉल्ट्झ गुणगुणायला लागली. धक्क्यावर बर्टननं टोपी काढून हात पुढे केला. दोघं धुक्यात बराच वेळ गिरक्या घेत राहिली.

सव्हाना मूळची आमच्याच किनाऱ्यावरची असावी. तिनं फोन ठेवला नाही.