जयंतची झाडलोट

पाहुणे यायचे म्हणजे आधी घर झाडायचं, ही आईची शिकवण जयंत दातारने लॅपटॉपलाही लागू केली आणि सकाळी आठ वाजता आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

दहा वाजता नोएडाच्या गिऱ्हाइकाला प्रात्यक्षिक द्यायचं होतं. लॅपटॉप झोपला की त्यातलं नेटवर्क कार्ड आपलं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा छोटासा प्रोग्राम, साफ विसरत असे. जाग आल्याबरोबर ते तो मागू लागे आणि डिस्क तर अजून आळोखेपिळोखे देत असे. म्हणून त्या प्रोग्रामची एक प्रत मेमरीतच सांभाळून ठेवायची सोय जयंतने सहा महिने खपून केली होती. ती फसली तर काम कंपनीच्या बंगलोर ऑफिसला जाणार होतं आणि त्यामागे जयंतही. बायकोची, वासंतीची, नोकरी दिल्लीच्या मंत्रालयात. आर. के. पुरमचं क्वार्टर तिला नुकतंच मिळालेलं.

"वासंती, घोटाळा झाला! डिस्क साफ करता करता फर्मवेअरचीच फाइल उडवली मी."

"दुसरी प्रत असेल ना?"

"ऑफिसात. आणि ऑफिस उघडतं दहाला."

"मग हे आत्ता चालतंय कसं?"

"मेमरीत आहे ना! पण बंद केला की खलास. चालू ठेवावा तर बॅटरी अर्धा तास टिकते, आणि नोएडा सव्वा तास."

"झोपव मग. झोपेत मेमरी पुसत नाही ना?"

"वेडी आहेस का? उठलाच नाही तर?"

वासंतीने कंगवा खाली ठेवला. "अच्छा! झोपून उठावा म्हणूनच सहा महिने खपलास ना, यार? तुझाच भरवसा नाही, तर गिऱ्हाइकाने काय ठेवायचा?" आणि तिनेच झाकण लावून टाकलं.

पाच मिनिटांपेक्षा जास्त तो लॅपटॉप आजवर कधी झोपला नव्हता. जयंत टॅक्सीत त्याला नवसाच्या पोरासारखा मांडीवर घेऊन बसला. गिऱ्हाइकाच्या दारात गार्डने रजिस्टर उघडलं.

"लैपटॉप ऑन करके दिखाइए."

"भैया, अभी सो रहा है."

"कौन?"

शेवटी लॅपटॉपच्या तळाचा नंबर टिपून घेण्यावर तडजोड झाली.

बैठकीत गिऱ्हाइकाचे मुख्य इंजिनिअर अशोक बत्रा समोरच बसले होते. जयंतने झाकण उघडलं. एक सेकंद गेला, दोन गेले, आणि कार्डाचा हिरवा दिवा लागला. जयंतचा जीव भांड्यात पडला. बत्रांचा चेहरा मात्र हलला नाही.

"डिस्क से ही उठा लिया होगा. पहले फाइल डिलीट कीजिए, फिर दिखाइए."

"सर," जयंत चाचरत म्हणाला, "वो तो मैं घर से ही डिलीट करके आया हूँ."

बत्रांनी डिस्क धुंडाळली. फाइल नव्हतीच. त्यांनी स्वतः झाकण मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. दिवा दर वेळी इमानाने लागला, आणि बत्रांनी उठून जयंतचा हात हातात घेतला.

बाहेर येताच जयंतने घरी फोन लावला.

"काम मिळालं! दिल्लीतच राहतोय आपण. बत्रासाहेब म्हणाले, असा आत्मविश्वास मी पाहिला नाही."

"बिल्कुल," वासंती म्हणाली. "पण कोणाचा, ते विचारलं नाही त्यांनी?"