मानाची दोरी

लाल दोरी कोणाच्या मनगटाला बांधायची, हा काही वाद व्हावा असा विषय नव्हता. बोट शिकवायला आलेल्या माणसाने भूपेंद्रला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की जो बोट चालवतो त्याच्याच हाताला ती बांधायची, दुसऱ्या कुणाच्या नाही. दोरीचं दुसरं टोक इंजिनाच्या बटणात अडकवलेलं असतं. चालवणारा बाहेर फेकला गेला, की दोरीला हिसका बसतो, बटण सुटतं आणि इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं. इतकी साधी गोष्ट. पण त्या दिवशी वैनगंगेच्या काठावर सिहोऱ्याचे केशवराव आले होते, आणि केशवराव आले की साधी गोष्ट साधी राहत नाही.

केशवराव धानाचे व्यापारी. माणूस दिलदार, शब्दाचा पक्का. फक्त मानाच्या बाबतीत फार हळवा. लाखांदूरला सख्ख्या भाच्याच्या लग्नात दुपट्टा-टोपी आधी दुसऱ्याच पाहुण्याला गेली, तेव्हा हे भरल्या पंगतीतून उठले आणि सोबत आणलेली गाडीभर माणसं उपाशीपोटी परत घेऊन आले. त्या गाडीत नवरदेवाची करवलीही होती, कारण ती यांचीच मुलगी राखी. लग्न करवलीवाचून लागलं. गावात चुलतभाऊ दादाजीशी तर त्यांचा कित्येक वर्षांचा अबोला. कारण एवढंच, की एका पोळ्यात तोरणाखालून दादाजीची बैलजोडी आधी निघाली. पुढे दोघांनीही बैल विकले, दोघांच्याही दारात ट्रॅक्टर आले. अबोला तेवढा कोणी विकला नाही.

तर अशा केशवरावांची राखी भंडाऱ्याच्या भूपेंद्रला सांगून आली होती. बघणं झालं, पसंती झाली. राखीला मुलगा आवडला होता आणि तिने आईपासून ते लपवलंही नव्हतं. फक्त केशवरावांचा होकार अडला होता. भूपेंद्रचे वडील मधुकरराव यांचं हातमागाच्या साड्यांचं दुकान, ते सोडून पोराने पर्यटकांना फिरवायची स्पीडबोट घ्यावी, हे केशवरावांना पटत नव्हतं. "पोराचं काम माह्या डोयानं पाहीन, मंगच सांगीन," असा निरोप आला. म्हणून बोटीच्या पूजेलाच त्यांना बोलावलं. सोबत रीतीप्रमाणे भावकी आली, आणि भावकी म्हटल्यावर दादाजीही आले. ते सगळ्यात मागच्या खुर्चीवर, केशवरावांकडे पाठ करून बसले. राखी शाळेत शिक्षिका, तिला सूत्रसंचालनाची सवय, म्हणून माईक तिच्या हाती दिला गेला.

मधुकररावांनी पोराला सकाळपासून एकच मंत्र दिला होता. "हे पाय, केशवरावजीचा मान कुठी चुकला नाई पायजे. पहिले त्याईले, मंग देवाले."

आणि खरोखर तसंच झालं. पहिलं गंध केशवरावांना, पहिला नारळ केशवरावांच्या हस्ते, पहिली खुर्ची केशवरावांची, पाठ टेकायची आणि गादी ठेवलेली. लाइफ जॅकेट घालायला ते तयार होईनात, तर मधुकररावांनी ते शालीसारखं दोन्ही हातांनी उघडलं आणि म्हणाले, "पहिलं जॅकेट तुमाले, केशवरावजी." मग त्यांनी मान झुकवून ते घालून घेतलं. राखीने माईकवरून टाळ्या मागितल्या. त्या जॅकेटने मधुकररावांचा विश्वास वाढला, आणि तिथेच घात झाला.

बोटीत तिघं बसले. भूपेंद्र चालवायला, शेजारी केशवराव, मागे मधुकरराव. भूपेंद्रने लाल दोरी काढून आपल्या मनगटाला बांधायला घेतली. लाल, नवी कोरी, चकचकीत. केशवरावांची नजर तिच्यावर गेली. मग ती नजर हळूहळू नदीकडे वळली आणि तिथेच राहिली. मधुकररावांना ही नजर माहीत नव्हती, पण लाखांदूरच्या लग्नाची गोष्ट माहीत होती.

"अबे, पहिले त्याईले बांध ना!" ते मागून खेकसले.

"बाबूजी, हे तशी दोरी नोहे," भूपेंद्र दबक्या आवाजात म्हणाला. "हे चालवणाऱ्यालेच—"

"राहू द्या जी," केशवराव नदीकडेच पाहत म्हणाले. "ज्याची बोट त्याचा मान. आमी काय, पाहुणे."

हे वाक्य त्यांनी लाखांदूरलाही म्हटलं होतं. काठावर माईक धरून उभ्या असलेल्या राखीला ते ऐकू आलं नाही, पण वडिलांची मान कशी वळली ते तिने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. भूपेंद्रने तिच्याकडे पाहिलं. बिचाऱ्याने मनाशी ठरवलं, की बोट एकदम हळू चालवायची, एक फेरी मारून परत यायचं, काय होते! आणि त्याने ती दोरी आपल्या हाताने केशवरावांच्या मनगटाला बांधली.

"आता हे काढायची नाई बरं का, केशवरावजी," मधुकरराव कौतुकाने म्हणाले. "काहीबी झालं तरी नाई. कार्य पुरं होईपर्यंत."

"मान देल्ला का मी सोडत नसतो," केशवराव म्हणाले, आणि मनगट गुडघ्यावर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

बोट निघाली. भूपेंद्र ती खरंच इतकी हळू चालवत होता, की मासे धरणाऱ्या डोमा ढिवराचा लाकडी डोंगा तिच्या बाजूने वल्हं मारत आरामात पुढे निघून गेला. केशवरावांनी ते पाहिलं.

"बस, इतकीच पळते?" ते म्हणाले. "माहा ट्रॅक्टर चिखलणीत याहून जोरात जाते."

"जोरात बी जाते, काकाजी. पण आज पहिला दिवस—"

"म्हंजे दाखवाले बोलावलं, अन् दाखवून नाई राहिले."

मागून मधुकररावांनी पोराच्या पाठीत बोट खुपसलं. भूपेंद्रने वेगाचा दांडा पुढे सारला. बोटीचं नाक वर आलं, पाणी दोन्ही बाजूंना फाटलं, केशवरावांच्या टोपीने आकाश धरलं आणि ती मागच्या मागे नाहीशी झाली. केशवराव मात्र आयुष्यात पहिल्यांदा मोकळेपणी हसले. "वा रे पठ्ठ्या! अजून!"

धरणाच्या फुगवट्यात जुनी झाडं बुडालेली आहेत. काहींचे सुकलेले शेंडे पाण्याच्या जरा वर येतात. तसा एक शेंडा समोर दिसला. भूपेंद्रने अर्धवट उभं राहून बोट गर्रकन वळवली. झाड चुकलं, पण मघाशी बोटीनेच उठवलेली लाट आडवी आली, बोट तिच्यावरून उडाली आणि खाली आली तेव्हा तिच्यात दोघंच होते.

भूपेंद्र पाण्यातून वर आला, तोंडातलं पाणी थुंकलं, आणि सगळ्यात आधी त्याला ऐकू आला तो इंजिनाचा आवाज. मग त्याला दोरी आठवली.

चालवणारं कोणी नसलं की अशी बोट सरळ निघून जात नाही. ती गोल फिरते आणि ज्याला टाकलं त्याच्याकडेच परत येते. मागचा पंखा चालूच असतो. हेही त्याला शिकवलं होतं. बोटीकडे जायचं नाही, तिला धरायचा प्रयत्न करायचा नाही, तिच्या गोलाच्या बाहेर निघायचं. भूपेंद्र जिवाच्या आकांताने बाजूला पोहला. बोट हाताच्या अंतरावरून गेली. "काकाजी, दोरी ओढा!" तो ओरडला. केशवरावांना त्याचं उघडं तोंड तेवढं दिसलं.

काठावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

बोटीत मधुकरराव तळाशी पालथे पडले होते. उठायला जावं, तर बोट त्यांना पुन्हा बाजूला फेकत होती. "केशवरावजी, थांबवा जी हे!" ते कण्हले.

"मी काहून थांबवू? मले चालवता येते काय?" केशवरावांनी एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने आपलंच मनगट घट्ट धरलं होतं. "दोरी सोडली नाई मी अजून! तुमी काळजी नोका करू!"

डोमाने डोंगा भूपेंद्रच्या दिशेने वळवला, पण मध्ये ती पिसाळलेली बोट. त्याला जवळ जाताच येईना. भूपेंद्र दमत चालला होता, आणि बोटीचा गोल दर फेरीला थोडा थोडा त्याच्याकडे सरकत होता.

राखीला दोरीचं काम ठाऊक होतं. बघण्याच्या दिवशी बोलायला एकांत दिला, तेव्हा भूपेंद्र घाबरून तिच्याशी फक्त बोटीबद्दलच बोलला होता. तिने माईक तोंडाजवळ नेला.

"बाबा! दोरी ओढा! हातातली दोरी जोरात ओढा!"

आवाज नदीभर घुमला. केशवरावांनी तो ऐकला, आणि लेकीला धीर यावा म्हणून मनगट उंच धरून दाखवलं. दोरी सुरक्षित होती. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"बाबा, सोडा ते दोरी!"

केशवरावांनी ठाम मान हलवली. दिलेला मान सोडायला ते काय कच्च्या गुरूचे चेले होते!

राखीच्या डोळ्यांत पाणी होतं. पण चोवीस वर्षं त्याच घरात वाढलेली पोर ती. आपला बाप जिवाच्या भीतीने उठणार नाही, हे तिला कळून चुकलं, आणि कशाने उठेल तेही कळलं. तिने डोळे पुसले, आवाज नेहमीच्या सूत्रसंचालनाचा केला आणि म्हणाली,

"यानंतर, आजच्या कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे, आपले दादाजी यांना मी विनंती करते, की त्यांनी पुढे यावं आणि पहिल्या खुर्चीवर बसावं. मानाचा नारळ त्यांच्या हस्ते फोडण्यात येईल."

"काय?" केशवराव गरजले, आणि ताडकन उठून मागे काठाकडे वळले.

दोरी ताणली गेली. खट् असा बारीक आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. बोट नाक खाली टाकून थांबली, तिच्याच लाटेने तिला दोनदा झुलवलं आणि मग नदीवर इतकी शांतता झाली, की डोमाच्या वल्ह्याचा आवाज ऐकू येऊ लागला. त्याने भूपेंद्रला डोंग्यात ओढून घेतलं. केशवराव उभेच होते. हातात लोंबणाऱ्या दोरीकडे पाहून ते हताशपणे म्हणाले, "निघून गेली जी, मधुकररावजी. माफ करजा."

सगळे काठावर आले, तेव्हा पहिल्या खुर्चीवर खरोखरच दादाजी बसले होते. मांडीवर नारळ.

"मले माईकवरून बोलावलं," ते कुणी विचारायच्या आत म्हणाले. "मी काय आपल्या मनानं बसलो?"

मधुकररावांनी देवाचं नाव घेतलं. पण केशवरावांचं दादाजीकडे लक्षच नव्हतं. ते ओल्याचिंब, दातावर दात वाजणाऱ्या भूपेंद्रसमोर जाऊन उभे राहिले.

"पोरगी ओरडून राहिली होती, दोरी ओढा म्हणून. काहून?"

भूपेंद्रने सगळं सांगितलं. बटण, हिसका, पंखा, सगळं.

"म्हंजे दोरी तुही होती?"

"हो जी."

"मंग मले कायले बांधली?"

भूपेंद्रने खाली पाहिलं. "तुमी रुसले असते, काकाजी. अन् मंग राखीले देल्लं नसतं. चूक माहीच आहे."

केशवरावांनी आपल्या मनगटावरच्या दोरीकडे पाहिलं. मग त्यांचा आवाज फुटला. "जीव गेला असता ना तुहा, बापू. माह्या मानापायी." डोळे भरून आले, ते त्यांनी दुपट्ट्याने पुसले. चहाचा ट्रे आला आणि सवयीने पहिला त्यांच्यासमोर धरला गेला. त्यांनी त्यातला पहिला कप उचलला आणि भूपेंद्रच्या हातात दिला. स्वतः जाऊन मागच्या रांगेत, दादाजीच्या रिकाम्या खुर्चीवर बसले.

निघताना मात्र भूपेंद्र त्यांच्या गाडीमागे धावला. "काकाजी, दोरी! तुमच्या हाताले आहे. तिच्याशिवाय बोट चालूच होत नाई!"

"मले समजलं ते," केशवराव काचेतून म्हणाले. "पायजे असन तर सिहोऱ्याले येजो. बापाले घेऊन येजो, अन् चार मोठी माणसं." आणि गाडी निघून गेली. काठावर रांग लावलेल्या पर्यटकांना भूपेंद्रने हसत हसत घरी पाठवलं. सगळ्यांना वाटलं, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला.

साखरपुड्याला ताटात साखर होती, नारळ होता, आणि मधोमध धुऊन, वाळवून, गुंडाळून ठेवलेली लाल दोरी होती. केशवरावांनी ती स्वतःच्या हाताने भूपेंद्रच्या मनगटाला बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"बोटीत बसला का हे कोणाले द्यायची नाई," ते गंभीरपणे म्हणाले. "कितीबी मोठा पाहुणा येवो. मी मागतली तरी नाई."

"नाई देत, मामाजी."

"मी रुसलो तरी नाई."

"अन् तो रुसनच," पहिल्या खुर्चीवरून दादाजी म्हणाले.

केशवराव वळले. "याले कोणं बोलावलं बे?"

"तुमीच, बाबा," आतून राखीचा आवाज आला. "खुर्ची बी तुमीच देल्ली."