तात्यांच्या मळ्यातल्या खोपी

कोल्हारला आमच्या आळीत कुणाच्या घरी उंदीर मेला, तर तो फेकून द्यायचा अधिकार घरमालकाला नव्हता. आधी तात्यांना बोलवायचं. तात्या लांब दांड्याचा चिमटा खांद्यावर टाकून यायचे, उंदीर उताणा करायचे, पालथा करायचे आणि निकाल द्यायचे. "मांजर!" किंवा "म्हातारपन!" किंवा "ह्यानं औषिद खाल्लंय." जिवंत रोग्यालासुद्धा कुणी इतकं निरखून पाहत नसेल!

तात्या आमचे शेजारी. साठी उलटलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गावाबाहेर चांगला बागायती मळा होता आणि डोक्यात खूळ एकच, प्लेग. पूर्वी उंदीर पडायला लागले की लोक घरांना कुलपं लावून रानात खोपी घालून राहत. पण मी सांगतोय ती गोष्ट दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमाराची. प्लेगचं नाव क्वचित कुठे ऐकू यायचं. तात्या मात्र दर दिवाळीनंतर मळ्यातल्या खोपी उसाच्या पाचटानं नव्यानं शाकारून घेत. कुठली खोप कुठल्या घराची, हेही ठरलेलं. मी मास्तर म्हणून गावात बदलून आलो, तर गाडीतून ट्रंक उतरायच्या आधीच हे हजर. "मास्तर, तुमची खोप आंब्याखालची. ऊन लागायचं न्हाई." पिण्याचं पाणी कुठून आणायचं, ते मला त्यानंतर कळलं.

"लई मजा हुती मास्तर, पलेगात!" अशी त्यांची सुरुवात असे. "समदी आळी एका आगटीभवती. कुनाची भाकर, कुनाचं कोरड्यास. लग्नंबी तितंच जमायची." ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस जत्रेचं वर्णन करतोय. माणसं किती मेली, असं विचारलं की ते तंबाखू मळायला घेत. "मेली की. माजी आईबी तवाच गेली," म्हणत, आणि लगेच दुसरी गोष्ट सुरू करत.

त्या हिवाळ्यात एके सकाळी भुसाराच्या दुकानामागे दोन उंदीर मरून पडले आणि तिसरा आमच्या न्हाणीत निघाला. आमची मुलगी रांगत त्याच्यापर्यंत पोचलेली! माझ्या बायकोनं, सुमतीनं, अशी किंकाळी फोडली की निम्मी आळी आमच्या अंगणात जमली. तात्या आले. उंदीर उताणा केला, पालथा केला, पुन्हा उताणा केला. गर्दीकडे एकदा पाहिलं. आणि चिमटा आपटून ओरडले, "निगायचं! सांजच्या आत आळी रिकामी पायजे!"

मग काय विचारता! कुणी म्हणे, टोचून घेतलंय, काही होत नाही. कुणी म्हणे, रब्बीचं पीक उभं आहे, घर सोडून कसं चालेल? दुकानदार शेटजी तर आपल्या दुकानामागे उंदीर होते हेच कबूल करेनात. माझ्या शाळेची तपासणी तोंडावर आलेली. मी आपलं शहाणपणानं म्हटलं, "तालुक्याला निरोप धाडू, डॉक्टर येऊ देत, मग ठरवू."

"तोवर पोरीला उंदरांशी खेळू देऊ?" सुमती म्हणाली. "तुम्ही बसा तपासणीला. मी निघाले."

तिनं गाठोडं बांधायला घेतलं आणि आळीचा बांध फुटला. गाड्या जुंपल्या, दळायची जाती गाडीत चढली, कोंबड्या हातून सुटल्या, कुणाची म्हातारी देव घेतल्याशिवाय हलेना. तात्या सगळ्यांच्या पुढे धावत होते. साठीचा माणूस, पण पाय जमिनीला टेकत नव्हते!

मळ्यातले ते दिवस मी विसरणार नाही. पोरांना घरं, शाळा, अभ्यास काहीच आठवेना. तात्या विहिरीवर मोट धरत, कोवळी कणसं खुडून आणत, आगटीत भाजून तळहातावर चोळून गरम हुरडा प्रत्येकाच्या हातावर ठेवत. आमची मुलगी त्यांच्या मांडीवरून उतरायला तयार नसे. रोज सकाळी मी तिचं अंग चाचपून पाहायचो, कुठे गाठ तर नाही ना, आणि मगच मला चहा गोड लागायचा.

अखेर तालुक्याचे डॉक्टर आले. सगळ्यांना तपासलं, दुकान पाहिलं आणि शेटजींना एकांतात घेतलं. शेटजी कबूल झाले. धान्याच्या पोत्यांमागे त्यांनीच उंदरांचं औषध टाकलं होतं. कळलं असतं तर गिऱ्हाईक तुटलं असतं, म्हणून गप्प!

मळ्यात हशा पिकला, शिव्याही झाल्या. जशी आली तशी माणसं गाड्या भरायला लागली. तात्या एकेका खोपीपुढे जाऊन सांगत होते, "डाक्टरचं काय ऐकता? ऱ्हावा आजून दोन दीस." पण थांबतंय कोण? दुपार कलेपर्यंत आमचीच गाडी उरली.

तात्यांनी आमच्या गाठोड्याला दोरी बांधायला घेतली. खूप वेळ ते नुसती गाठच मारत होते.

"येत जा मळ्याकडं, मास्तर," ते म्हणाले. मग स्वतःशीच मान हलवली. "पर कशाला याल? कारन लागतंय यायला. उगं कोन कुनाकडं ऱ्हायला येतंय?"

तेवढ्यात सुमतीनं गाडीतून पाय खाली टाकला. "तात्या, मला नाही बाई त्या डॉक्टरांचा भरवसा वाटत. पोरीची भीती वाटते. आम्ही राहतो अजून."

तात्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच उतरला. मुलीकडे बघत ते हळूच सुमतीला म्हणाले, "भिऊ नगंस, पोरी. पलेग न्हाई. त्या उंदरानं औषिद खाल्लं हुतं. मला बगताच कळलं हुतं."

मी तोंड उघडणार, एवढ्यात सुमतीनं माझा हात दाबला.

"ते मला मघाशीच कळलं, तात्या," ती म्हणाली. मग मुलीला त्यांच्या कडेवर दिलं आणि दोरीची गाठ सोडायला बसली.