याकोबकाका माफी मागतात

याकोबकाका साळवे माफी मागायला निघाले की आमच्या सोसायटीत लोक दार उघडायला घाबरतात.

कारण ज्या गुन्ह्याची ते माफी मागतात, तो आपल्याला ठाऊकच नसतो. त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षरसाचा विधी असतो; त्याला मन साफ करून जायचं. आदल्या दिवशी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात आणि आमच्या थेरगावच्या बिल्डिंगमध्ये दारोदार फिरतात. होळीनंतरच्या अशाच एका शनिवारी ते हात जोडून माझ्या बायकोपुढे उभे राहिले.

"सुनीतावहिनी, माफ करा. तुमची पुरणपोळी खाताना मनात आलं, ही पोळी आहे की टायरची ट्यूब! असं मनात यायला नको होतं."

वर त्या दिवशी दुसरी पोळी मागून घेतलेली! त्यानंतर आमच्या घरून त्यांच्याकडे पुरणपोळी गेलेली नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना तर त्यांनी भर मीटिंगमध्ये गाठलं. "तुम्ही निवडून आलात तेव्हा मी मनात म्हटलं, हा माणूस खाणार. माझ्याकडे पुरावा नव्हता. क्षमा करा." सगळी मीटिंग सेक्रेटरींकडे बघायला लागली. ते बिचारे त्या दिवसापासून पाण्याच्या टाकीचा खर्चसुद्धा दोनदा समजावून सांगतात.

कोणी कुरकुर केली की काकांचं ठरलेलं उत्तर असे, "घर रोज झाडता ना? मग मनही झाडलेलं बरं." शेवटी त्यांचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, स्वतः समजवायला आले. "काका, देवाजवळ कबूल करा. दारोदार कशाला?"

"देवाला माहीतच असतं, साहेब. माणसाला सांगावं लागतं."

पाळकसाहेबांनी चहा घेतला आणि गेले. जाताना जिन्यात काकांनी त्यांचीही माफी मागितली. मागच्या उपदेशात डुलकी लागली होती म्हणे.

गेल्या वर्षी त्यांच्या उपवासकाळात, ईस्टरच्या आधी, काका असेच दारात आले. पण या वेळी बोलेचनात. मी म्हटलं, "काका, आता काय मनात आलं आमच्याबद्दल?" ते हसले नाहीत. आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले.

"काल भोसरीच्या स्टॉपवर अंकुश दिसला. त्यानं लांबून हात केला मला. त्याच हातानं."

काका रिटायर होण्याआधी भोसरीच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होते, एवढं मला माहीत होतं. पुढचं त्यांनी त्या दिवशी सांगितलं. अंकुश हा त्यांच्या हाताखालचा, पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवणारा मुलगा, बीडकडचा. प्रेसवर हात आत जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी असते. जाळी असली की काम हळू होतं. माल कमी पडत होता, वरून ओरडा होता. काकांनी जाळी काढायला लावली. त्याच शिफ्टमध्ये अंकुशच्या उजव्या हाताची बोटं गेली. चौकशीत काका म्हणाले, जाळी पोरानंच काढली, प्यालेला होता.

"मग जवळ आला, चाकणला एका गोदामाच्या गेटवर वॉचमन असतो म्हणाला. भाऊ, तुम्ही चला माझ्याबरोबर. एकटा गेलो तर अर्ध्या वाटेतून परत फिरेन."

रविवारी दुपारी आम्ही गेलो. अंकुश नुकताच ड्यूटीवरून सुटला होता. काकांना बघून त्याला खरंच आनंद झाला. "सर, घरी चला. मागंच हाय खोली."

काका जागचे हलेनात. तिथंच, उभ्या कंटेनरशेजारी, म्हणाले, "अंकुश, जाळी मी काढायला लावली होती."

"मला म्हाईत हाय की, सर. तुमी सांगितल्यावर पाना मीच तर आणला."

"मग मी खोटं बोललो. तू प्यालेला होतास म्हणालो."

"ते बी म्हाईत हाय."

काकांचा चेहरा वेडावाकडा झाला. अंकुशनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "सर, मला सांगून काय व्हणार? मंदाला सांगा. माझं तिला कधी पटलंच न्हाई. ती आजवर धरून बसलीय, मी पिऊन मशीनवर गेलो."

मंदा, त्याची बायको, खोलीत मेथी निवडत बसली होती. काका खुर्ची सोडून तिच्यासमोर फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं. माफीचा शब्द काढला नाही. तिचे हात आधी चालूच होते, मग थांबले.

"म्हंजी हे प्याले नव्हते?"

"नाही."

"एक थेंब बी?"

"नाही. शुद्धीत होता. माझं ऐकून काम करत होता."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. "मी लेकीला कडेवर घेऊन माहेरी निघून गेले होते. दारुड्याशी नांदायचं न्हाई म्हणून." मग काकांकडे वळली. "माझ्या सासूनं मरताना ह्यांच्या हातचं पाणी घेतलं न्हाई, सायब. तिला आता कोण सांगणार?"

तिनं मेथी बाजूला सारली.

"गावाला या. दिरांच्या, भावांच्या समोर सांगा."

"येतो," काका म्हणाले.

चहा अंकुशनंच केला. मंदा भिंतीकडे तोंड करून बसली होती, तिचे खांदे हलत होते.

काका पुढच्या महिन्यात गावी गेलेही. देवळाच्या ओट्यावर सगळ्यांसमोर बोलले. एक दीर मध्येच उठून गेला, दुसऱ्यानं शिव्या दिल्या. काका शेवटपर्यंत उभे राहिले, असं अंकुशनं मला फोनवर सांगितलं.

पण मला आठवतो तो चाकणहून परत येतानाचा बसचा प्रवास. काका खिडकीशी होते. बाहेर बघतच म्हणाले, "रूथलाही मी हेच सांगितलं होतं." रूथ म्हणजे त्यांची बायको, मी थेरगावात राहायला यायच्या आधीच गेलेली.

"पोरगा प्यालेला होता, असं म्हणालो घरी येऊन. तिला इतकं वाईट वाटलं! रोज जेवणाआधी त्याच्यासाठी प्रार्थना करायची, प्रभू, त्या अंकुशची दारू सोडव. आजारात बोलणं कमी झालं, तरी त्याचं नाव घ्यायची. आणि मी शेजारी बसून आमेन म्हणायचो."

वाटेत ख्रिस्ती दफनभूमीचा स्टॉप आला. काका उठले. मीही उठलो, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. बस सुटली तेव्हा ते फाटकाशी वाकून चपला काढत होते.