फणसे चाळीतील मुरंबा रहस्यमालेच्या गुणांची मोहीम

वाचणारे जाणते आहेत. त्यांचे सेवेसी अर्ज ऐसा जे, पुढील हकिकत ऐकीव नव्हे, मोजलेली आहे. जेथे मोजता आले नाही तेथे तसे लिहिले आहे.

मोहिमेचे प्रारंभी चिंचपोकळीच्या फणसे चाळीत, तळमजल्यावरील प्रबोधन वाचन मंडळाचे खोलीत, लोखंडी कपाट एक होते, त्यास खण पाच. पुस्तके चारशे अकरा, पैकी मुखपृष्ठ शाबूत असलेली तीनशे साठ. कॅरम बोर्ड एक, सोंगट्या सतरा. जयंतीच्या मिरवणुकीचे निळे झेंडे एक गठ्ठा आणि गणपतीच्या मखराचे पुठ्ठे एक गठ्ठा, हे दोन्ही कपाटाचे माथ्यावर शेजारी नांदत असत. आणि तिसऱ्या खणात, डावे बाजूस, मुरंबा रहस्यमालेचे आठ भाग उभे होते. ह्या आठ भागांपायी पुढील सर्व घडले.

ह्या मालेची नायिका गोदाक्का. आंबेवेळ नामे समुद्रकाठचे गावी ती मुरंब्याचे दुकान चालवते आणि मधल्या वेळात खुनी धरते. गावाची वस्ती अडीच हजार, आठ भागांत मयत एकोणीस, तरी कोणी गाव सोडले नाही आणि मुरंब्याचा खप कमी जाहला नाही. खून पडद्याआड होतो, रक्त दिसत नाही, प्रेत सापडताच पुढले पानी घावणे होतात. वाचकास धास्ती न देता कोडे घालावे, हा ह्या वाङ्मयाचा दस्तूर.

मंडळाचे सरचिटणीस राजेशराव मयेकर. त्यांस हा दस्तूर मंजूर नव्हता. त्यांचे मनी उत्तरेकडील बर्फाच्या मुलखांतील चौदा जाड खंडांची एक माला आणावयाची होती, जीत खून सविस्तर होतात आणि पोलीस अधिकाऱ्याचा घटस्फोट जाहलेला असतो. परंतु कपाटात जागा नव्हती. मग त्यांनी फर्मान काढिले की, प्रत्येक मालेस वाचकांनी रहस्य, नायिका, गाव आणि जेवण ह्या चार कलमांवर दहापैकी गुण द्यावे, चारही कलमांची सरासरी काढावी, आणि जी माला सातांखाली उतरेल तिने कपाट खाली करावे आणि तिचा पुढील भाग वाटला जाऊ नये. गुण मोजण्याचे कामी संघमित्रा जाधव ह्यांस नेमिले. ह्या संख्याशास्त्राच्या पदवीधर, परळच्या एका प्रयोगशाळेत नोकरीस, दुसरे मजल्यावर राहणाऱ्या, आणि मुरंबा मालेच्या निस्सीम चाहत्या.

आठव्या भागाची फेरी पूर्ण जाहली, बारा वाचकांच्या चिठ्ठ्या फरसाणाच्या रिकाम्या डब्यात पडल्या, आणि संघमित्राबाईंनी बेरीज केली तो नायिका आठ, गाव आठ, जेवण आठ, आणि रहस्य तीन. सरासरी पावणेसात. राजेशराव ह्यांचे मुखावर समाधान दिसले, ते मोजता आले नाही.

"खुनी कोण ते मला तिसऱ्याच प्रकरणात कळलं," राजेशराव बोलिले. "पोस्टमास्तर. शेंबडं पोर सांगेल. उचल ते आठही, संघमित्रा."

"थांबा ना राजेशदादा. एकदा आकडे फोडून बघू दे."

मग संघमित्राबाईंनी आकडे फोडिले. रहस्यास तिघांनी नऊ दिले होते आणि उरलेल्या नऊ जणांनी एकेक. मधले काही नाही. ऐसा कौल आवडीनिवडीतून येत नाही, हे त्यांचे शास्त्र त्यांस सांगत होते. मग त्या घरोघर हिंडल्या आणि प्रत्येकास पुसत्या जाहल्या, तो एक गुण देणारे नऊही जण हेच सांगत की खुनी आपण आधीच ओळखला, केवळ बुद्धीने. त्या नवांत स्वतः संघमित्राबाईही होत्या, आणि आपल्या बुद्धीविषयी त्यांचेही मत तोवर हेच होते.

नऊ देणाऱ्यांत एक कांताबाई निघाल्या. त्या तळमजल्यावर पिठाच्या गिरणीस लागून राहत, आणि गिरणी सायंकाळी सात ते आठ जोरात चाले.

"मला कसं कळणार गं कोणी मारलं ते," कांताबाई म्हणाल्या. "शेवटचं पान उघडेपर्यंत मी त्या बिचाऱ्या पोस्टमास्तरची कीव करत होते."

नऊ देणारे दुसरे दोघे म्हणजे दुसरे मजल्यावरील जयवंतराव तोंडवळकर आणि त्यांच्या पत्नी मालनबाई. तेव्हा गिरणीपायी कांताबाईंस जे ऐकू येत नसेल ते ऐकावे म्हणोन संघमित्राबाई सायंकाळी सातास गॅलरीत उभ्या राहिल्या आणि त्यांनी कान दिला.

येथे ह्या घरचा तपशील सांगणे अवश्य आहे. जयवंतराव ह्यांनी कापड गिरणीचे साचेखात्यात, मागांवर, बत्तीस वर्षे काढिली, त्या खडखडाटात दोन्ही कान मंद जाहले. पुढे साखरेच्या विकाराने दृष्टीही गेली. डॉक्टरांनी भात तोडिला, तेव्हापासून प्रत्येक भागात ते डॉक्टरासच खुनी ठरवीत आणि प्रत्येक भागात चुकत. आणि फणसे चाळीचा जुना रिवाज ऐसा की, नवे पुस्तक आले की पहिला मान सर्वांत ज्येष्ठ घरास. ते घर हेच. म्हणोन प्रत्येक भाग प्रथम मालनबाई गॅलरीत स्टुलावर बसोन जयवंतराव ह्यांस वाचोन दाखवीत आणि मग तो फेरीस निघे. घरात वाचणे शक्य नव्हते, कारण सातास सूनबाईंची ऑनलाइन शिकवणी चाले आणि खोली एकच.

त्या दिवशी मालनबाई आठवा भाग दुसऱ्यांदा वाचीत होत्या. कारण जयवंतराव ह्यांस नवा भाग येईतो जुना लागे.

"पोस्टमास्तरान मारल्यान," मालनबाई वाचत्या जाहल्या.

"कोणी?"

"पोस्टमास्तरान वो. पोस्टमास्तरान."

"डॉक्टरान?"

"पोस्ट. मास्तरान."

हा पुकारा समोरील विंगेवर आदळोन परत आला, आणि दोन्ही विंगांत भाजी निवडणारे, दाढी करणारे, फोनवर बोलणारे सर्व त्याचे कक्षेत होते. संघमित्राबाईंस तेच क्षणी सर्व उमगले. प्रत्येक खुन्याचे नाव पुस्तक घरी पोचण्यापूर्वीच कानी पडे, लक्षात कोणाच्या राहत नसे, मग वाचताना ते आतून वर येई आणि आपल्या बुद्धीचे म्हणोन नांदे.

हा शोध त्यांनी मंडळाचे सभेत मांडिला. त्यांस वाटले, मालेवरील डाग पुसला गेला. परंतु राजेशराव ह्यांनी शोध मान्य केला आणि त्यातून दुसरेच फर्मान काढिले: नववा भाग येऊन टेबलाचे खणात पडला आहे, त्यावर एक वेळ फेरतपासणी व्हावी, आणि ती शुद्ध व्हावी म्हणोन गॅलरीत मोठ्याने वाचण्यास आजपासून मनाई.

"राग मानू नका काकी," राजेशराव म्हणाले, "पण आत बसून, हळू वाचा. एवढाच मॅटर आहे."

"हळू वाचून ह्यांका आयकाक येतला?" मालनबाई बोलिल्या. "मी घसो फोडून वाचलंय म्हणान तुमका फुकट खुनी गावलो. आता गुन्हेगार मीच काय?"

जयवंतराव ह्यांस सभेचा वृत्तांत दोन वेळा मोठ्याने सांगावा लागला. मग ते इतकेच म्हणाले, "नको वाचू गो. आयकलंय तेवढा पुरे."

त्या दिवसापासून सातास स्टूल गॅलरीत आले नाही. जयवंतराव खुर्चीत बसत आणि कठड्यावर बोटे वाजवीत. पहिले दोन दिवस कोणाचे ध्यानी आले नाही. मग लोक सातास बाहेर येऊन उगाच उभे राहू लागले आणि काय विसरले ते न आठवोन आत जाऊ लागले. संघमित्राबाई ऑफिसातून येताच त्या खुर्चीवरून मान खाली घालोन जात, कारण हा बंदोबस्त त्यांचेच आकड्यांनी घडविला होता.

मग त्यांनी मसलत केली आणि पानांचे फोटो काढोन मोबाइलातील यंत्राचे आवाजाकडून पहिले प्रकरण वाचविले, आणि इअरफोन जयवंतराव ह्यांचे कानी घातले. त्यांनी अर्धे प्रकरण ऐकिले आणि इअरफोन काढोन परत दिले.

"काका, आवाज कमी येतोय का?"

"आवाज बरो आसा. पण ही बाय खून झालो ता असा सांगता, जसा काय पावण्यांका चाय इचारता." आणि पुढे, "तुझ्या काकीक कोणी मेलो की वायट वाटता. ता आयकाक येता."

ही शिकस्त खाऊन संघमित्राबाई परतल्या, आणि जिन्याचे मधल्या पायरीवर त्यांस उपाय सुचला. दोष आवाजात नव्हता, क्रमात होता. पुस्तक घरोघर फिरते आणि आवाज त्याचे पुढे धावतो, म्हणोन खुनी फुटतो. मग पुस्तकाने फिरावेच का. बाराही वाचकांनी पुस्तकापाशी यावे आणि सर्वांनी एकाच वेळी ऐकावे, म्हणजे कोणी कोणाचे पुढे राहणार नाही. शेवटल्या प्रकरणापूर्वी प्रत्येकाने आपला संशयित चिठ्ठीवर लिहावा आणि मग गुण द्यावे.

राजेशराव ह्यांनी ह्यात खोट शोधिली, ती सापडली नाही. मग तह ठरला. मालनबाईंचे बाजूने कलमे दोन: वाचन चालू असता कोणी मधे बोलू नये, आणि ज्याने त्याने बसावयास आपले आणावे. मनाई उठली.

मग सातास स्टूल पुनः बाहेर आले, आणि कांताबाई गिरणी सोडोन वर आल्या, आणि सूनबाईंनी शिकवणी आठांवर नेली, आणि राजेशराव देखरेखीस म्हणोन आले ते कठड्यास टेकोन उभे राहिले, आणि दुसरे दिवशी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. रोज दोन प्रकरणे होत. गोदाक्कांचे गावचे बेकरीवाले मयत जाहले तेव्हा मालनबाईंचा आवाज दाटला, आणि हलवाई, तलाठी, डॉक्टर, नाटकमंडळीचा मेकअपवाला, अशा चौघांवर संशय गेला. मधे बोलू नये हे कलम राजेशराव ह्यांनीच प्रथम मोडिले.

"तलाठी सोडू नका," ते म्हणाले. "त्याची सायकल तिथे कशी?"

"राजेश, गप बस," मालनबाई म्हणाल्या, आणि ते गप्प बसले.

शेवटल्या प्रकरणापूर्वी चिठ्ठ्या घेतल्या. मग वाचन सुरू जाहले. दोन्ही विंगांतील टीव्ही कोणी न सांगता बंद होते, ऐसी शांतता मालनबाईंस वाचताना कधी मिळाली नव्हती. म्हणोन, किंवा खुन्याची त्यांस कीव आली म्हणोन, नावापाशी येता त्यांचा आवाज आपोआप खाली आला आणि त्यांनी ते नाव जवळजवळ स्वतःशीच वाचिले.

त्या शांततेत बाकी सर्वांस ते ऐकू गेले.

"कोणी?" जयवंतराव ह्यांनी पुसले.

तेव्हा राजेशराव खुर्चीतून उठोन त्यांचे कानाशी वाकले आणि म्हणाले, "पुतणीने, काका. बेकरीवाल्याच्या पुतणीने." पाठोपाठ कांताबाईंनी, मग संघमित्राबाईंनी, मग बाकी सर्वांनी तेच सांगितले, तो तीन मजल्यांवर कळले.

येणेप्रमाणे नवव्या भागाची मोहीम फत्ते जाहली. निकालाची नोंद ऐसी. खुनी अचूक ओळखणारे: बारांपैकी कोणी नाही. रहस्य सात. नायिका आठ. गाव आठ. जेवण सहा, कारण ह्या भागी गोदाक्कांनी माशाचे कालवणात साखर घातली, ते तोंडवळकरांस आणि जाधवांस सारखेच खपले नाही. सरासरी सव्वासात. लागत होते सात. माला तिसऱ्या खणात राहिली, आणि राजेशराव ह्यांचे चौदा खंडांपैकी पहिला गॅलरीत सातास वाचावयाचे ठरले.

चिठ्ठ्या मोजता असे आढळले की, वाचकांनी चार रकान्यांपुढे पाचवा रकाना हाताने आखिला आहे आणि त्यास 'वाचन' नाव दिले आहे. तसे कोणी सुचविले नव्हते. मालनबाईंनी तो रकाना आखिला नाही, बाकी अकरांनी आखिला, पैकी जयवंतराव ह्यांचा सूनबाईंनी आखोन दिला. नऊ जणांनी दहा दिले. राजेशराव ह्यांनी नऊ दिले. जयवंतराव ह्यांनी साडेपाच दिले, आणि संघमित्राबाईंनी कारण पुसता ते म्हणाले की खुन्याचे नाव नीट ऐकू आले नाही.

सरासरी साडेनऊ.