खिडकीवाली

सुनील सरांच्या लक्षात माणसांची नावं राहत नसत, खुर्च्या राहत. नगरमधल्या त्यांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात बारा माणसं होती आणि ती सगळी त्यांच्या लेखी दारावरचा, एसीखालचा, झेरॉक्सजवळची अशी होती. दीना तीन वर्षं खिडकीवाली होती. तिला त्याचं वाईट वाटत नसे, कारण राबते ती खिडकीवालीच, हे सरांना ठाऊक होतं. डोळ्यांच्या शिबिराचं काम पार पडलं की खिडकीवालीला टीम लीड करायचं, असं त्यांनी दिवाळीत सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. दीनाच्या वडिलांनी, योसेफ मास्तरांनी, तर चर्चमध्ये उभं राहून उपकारस्तुतीही उरकून घेतली होती.

शिबिराचं काम साधं होतं. पेशंटचे डोळे तपासायचे, चष्म्याचा नंबर संगणकात घालायचा आणि बाहेरच्या खोलीत त्या नंबरचा चष्मा द्यायचा. नंबर जपून ठेवायचा भाग नव्याने लागलेल्या चेतनकडे होता. तो पाण्याच्या जारजवळ बसे आणि तिथे रेंज नाही म्हणून आठवडाभर कुरकुरत होता. शेवटी दीनालाच दया आली. "बस बाबा माझ्या जागी," म्हणत तिने डबा उचलला आणि ती जारजवळ जाऊन बसली. भलेपणा अंगाशी येतो तो असा.

चेतनचा प्रोग्राम मात्र तिने दोनदा वाचला. मेमरीत पेशंटची नोंद ज्या जागी बसते, त्या जागेचा पत्ताच त्याने चावी म्हणून वापरला होता. त्या पत्त्यापुढे चष्म्याचा नंबर लिहिलेला. पण पेशंट गेला की संगणक आपणहून साफसफाई करतो आणि ती जागा दुसऱ्या पेशंटला देऊन टाकतो. जुना नंबर मात्र पत्त्यापुढे तसाच राहतो.

दीनाने त्याला समजावलं, की केसपेपरचा क्रमांक वापर, जागेच्या भरवशावर राहू नकोस.

"ताई, पाच पेशंटवर टेस्ट केलंय. एकदम ओके आहे."

पाच पेशंटांत साफसफाईची पाळीच येत नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं. दीनाने सरांना गाठलं. ते फोनवर होते. त्यांनी हातानेच 'उद्या' अशी खूण केली. उद्या शिबिर होतं.

अकरापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग संगणकाने झाडू हातात घेतला. अकोल्याचे रंभाजी आपला चष्मा लावून केव्हाच जीपमध्ये बसले होते, त्यांची जागा मिळाली पुणतांब्याच्या चांगुणाबाईंना. इथे आधीच नंबर आहे म्हटल्यावर प्रोग्रामने नवा लिहूनच घेतला नाही. रंभाजींच्या नंबरचा चष्मा लावून चांगुणाबाई उठल्या आणि समोरच्या खांबाला म्हणाल्या, "सरका की वाईच."

दीना धावली. त्यांना नंबर काय सांगितला होता, असं तिने विचारलं.

"नंबर मला काय म्हाईत? नाव इचारा की. चांगुणाबाई. हितं नाव कुनी इचारतच न्हाई."

तोवर चाळीस माणसं दुसऱ्यांच्या नजरेने जग पाहायला लागली होती. चष्म्यांच्या रिकाम्या खोक्यावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन दीनाने दोन तासांत सगळं बदललं. मग एकेकाला नावाने हाक मारून परत बोलावलं आणि ज्याचा चष्मा त्याला दिला. चेतन त्या वेळात चहा आणायला गेला होता.

डॉक्टरांनी सरांना फोन केला. तुमच्या एका माणसाने घोळ घातला आणि दुसऱ्याने निस्तरला, एवढंच ते म्हणाले. सरांना पुढचं विचारायची गरजच वाटली नाही. घोळ घालणारा म्हणजे नवा, जारजवळचा. निस्तरणारी म्हणजे खिडकीवाली. त्यांनी ऑफिसातल्या सविताबाईंना दोन पत्रं करायला सांगितली. खिडकीजवळच्याला टीम लीडचं, जारजवळच्याला मेमो. सविताबाईंनी मान वर करून कोण कुठे बसलंय ते पाहिलं आणि नावं टाकली.

मेमो हातात घेऊन दीना केबिनमध्ये शिरली. "सर, आम्ही जागा बदलल्या होत्या. तो प्रोग्राम चेतनचा होता."

सरांनी कागद पाहिला. "जारजवळ तूच बसतेस ना?"

"हो, पण..."

"मग?"

त्या 'मग'ला तिच्याकडे उत्तर होतं, पण सरांनी फोन उचलला होता. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. योसेफ मास्तर त्या रविवारी डोकं दुखतंय म्हणून चर्चला गेले नाहीत.

चेतनला आता केबिन मिळाली होती. जाताना तो जारजवळ रेंगाळला. "ताई, मी सरांना सांगणारच होतो. सर फोनवर होते." मग खाली बघत म्हणाला, "खिडकी मोकळी झालीय. तुम्ही या परत."

सोमवारी ती जुन्या जागी येऊन बसली. सर आत आले, थबकले आणि तिच्याकडे बघून प्रसन्न हसले.

"नवीन का तुम्ही? नाव काय?"

तीन वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच तिचं नाव विचारलं होतं.

"दीना."

"छान. मन लावून काम करा," सर म्हणाले. मग जरा वाकून हळूच म्हणाले, "त्या जारवालीसारखा घोळ घालू नका म्हणजे झालं."