डेव्हिस कप आणि अर्धा सुकलेला जवळा

आखणी कशी करावी हे कुणाला शिकायचं असेल तर त्याने माझ्याकडे यावं. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत टाकीची सफाई असो की कुणाच्या मुंजीची पंगत, लोक आधी मुकुलला विचारतात. दीप्ती, म्हणजे माझी बायको, म्हणते की लोक तुला विचारतात आणि मग बरोबर त्याच्या उलट करतात. बायकोच्या मताला पुरावा मानायचा नसतो.

तर यंदा फेब्रुवारीत डेव्हिस कपची एक लढत आपल्या उपनगरात व्हायची ठरली, आणि आमच्या घरात बाबा बेचैन झाले. बाबांचं नाव श्यामकांत, वय एकोणऐंशी, गुडघे त्याहून थोडे मोठे. टेनिस हा एरवी ज्याचा त्याने खेळायचा खेळ. डेव्हिस कपात मात्र देशाविरुद्ध देश खेळतो, आणि कोर्टाच्या कडेला बाकावर संघाचा कॅप्टन बसतो. खेळ थांबला की तो आपल्या खेळाडूच्या कानाशी लागून काहीतरी सांगतो. रेडिओच्या जमान्यापासून बाबा या कॅप्टनवर फिदा आहेत.

"आयुष्यभर ऐकलं, वाचलं, टीव्हीवर बघितलं," ते म्हणाले. "पण तो त्या पोराच्या कानात काय सांगतो, ते काही कळलं नाही रे. एकदा त्या बाकामागे बसायचंय."

बाबांनी माझ्याकडे आजवर काही मागितलेलं मला आठवत नाही. मागून मागितलं ते हे. तिकिटं तर केव्हाच संपली होती.

पण माझ्या ऑफिसातला सौरभ स्थानिक समितीवर होता. पाहुण्या संघाची ने-आण, खाणंपिणं, सराव बघायला त्याला बिनपगारी संपर्क अधिकारी हवा होता. बदल्यात बाकामागचे दोन पास.

"एकच अट," सौरभ म्हणाला. "पाहुण्यांची एक जरी तक्रार आली ना, पास गेले. मग मला फोन करू नकोस."

"अरे, तक्रार? मी असताना?" मी म्हणालो.

पाहुण्या देशाचं नाव मी सांगत नाही. आधीच झालं तेवढं पुरे आहे. युरोपातला कुठलासा थंड देश, एवढं समजा. त्यांचा कॅप्टन उंच, गंभीर आणि अतिशय संशयी होता. डेव्हिस कपात कोर्ट कसलं असावं हे यजमान ठरवतात. आपण साधं सिमेंटचं हार्ड कोर्ट जाहीर केलं होतं, पण कॅप्टनचा विश्वास बसेना. भाजीवालीने टोपलीच्या तळाशी किडके टोमॅटो ठेवलेत अशी खात्री असलेल्या गिऱ्हाइकासारखा तो माझ्याकडे बघायचा.

"कागदावर हार्ड कोर्ट," तो इंग्रजीत म्हणायचा. "पण वर काय टाकणार?"

"काही नाही."

"हं," असं म्हणून तो डोळे बारीक करायचा.

त्याला सरावासाठी जागाही अशी हवी होती जिथे चिटपाखरू नसेल, आणि समुद्राची दमट हवा असेल. लगेच माझं डोकं चाललं. मढ! तिथले बंगले शूटिंगला भाड्याने देतात, आणि त्यातल्या एकाच्या मागे झकास हार्ड कोर्ट होतं. मी राखणदार अनंताला फोन लावला आणि एकेक गोष्ट बजावून सांगितली.

"अनंता, कोर्ट रोज झाडायचं, एकदा धुऊन काढायचं. धूळ नको, पान नको. खडखडीत कोरडं पाहिजे. आणि मंगळवारपर्यंत कुणाला बूट घालून वर चढू द्यायचं नाही."

"कालजी नको साहेब," अनंता म्हणाला. "ताटासारका लख्ख ठेवतो."

अनंता शब्दाचा पक्का निघाला. घोटाळा त्यामुळेच झाला.

मंगळवारी सकाळी मी बाबांनाही बरोबर घेतलं. सराव तरी जवळून बघतील, हा हेतू. संघाची बस मागून येणार होती. बंगल्याच्या फाटकातून आत शिरलो आणि आधी वास आला. मग मांजरं दिसली. कुंपणावर कावळ्यांची सभा भरली होती. आणि कोर्ट...

नेटच्या पलीकडचं अख्खं अर्धं कोर्ट गुलाबी-करड्या जवळ्याने, म्हणजे बारीक कोळंबीने, भरलं होतं. पातळ, एकसारखा, रेषेपासून रेषेपर्यंत पसरलेला. नेटच्या वरच्या दोरीवर बोंबील वाळत होते, दोघादोघांची तोंडं एकमेकांत अडकवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बाबा काठीवर रेलून बघत राहिले. "डबल्सच्या जोड्या दिसतायत," ते म्हणाले.

अनंताची बायको मंजुळा खराट्याने मांजरं हाकलत होती. मी जवळजवळ तिच्या पायाच पडलो.

"मंजुळाबाई, हे काय केलंत? आत्ता परदेशी टीम येतेय, उचला हे सगळं."

"उचला कशाला? अर्धाच सुकलाय," ती म्हणाली. "आता गोला केला तर संध्याकालपत्तुर वास मारंल. मंग तू खाशील?"

"पण इथे कशाला टाकलात? गावात तुमची वाळवायची जागा आहे ना?"

"आमच्या खल्यात शूटिंगवाले बसलेत. हप्ताभर तंबू ठोकून. आनि ह्यानी सांगितला, साहेबांनी कोर्ट धुवून घेतलाय, कुनाचा पाय पडत नाय, ऊन दिसभर. मंग अख्ख्या मढात याच्याहून सोवली जागा कुठली सांग?"

जागा खरंच सोवळी होती. माझ्याच आखणीने झाली होती.

शेवटी तह झाला. दुपारपर्यंत जवळा राहील, संघ अलीकडच्या अर्ध्या भागात भिंतीशी खेळल्यासारखा काहीतरी सराव करेल, आणि मी त्यांना थापा मारून गुंतवून ठेवीन. मंजुळा आतल्या बाजूला चहा ठेवायला गेली. आणि ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी बस आली, कारण हे थंड देशांचे लोक वेळेपेक्षाही आधी येतात.

कॅप्टन उतरला. कोर्टापाशी आला. थबकला. वाकून त्याने चिमूटभर जवळा उचलला, हुंगला, बोटांत चुरडला आणि माझ्याकडे वळला. त्याचा आवाज एकदम खाली गेला.

"हेच ना? सामन्याला हेच टाकणार ना?"

आता बघा, मी "नाही" म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न आला असता, मग आमच्या सरावाच्या कोर्टावर हे कसं? म्हणजे तक्रार. म्हणजे पास गेले. बाबा माझ्या शेजारीच उभे होते, गळ्यात चष्म्याची दोरी, डोक्यावर खास आणलेली पांढरी टोपी.

"मी यावर काही बोलू शकत नाही," मी म्हणालो.

एवढंच! पण कॅप्टनचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो हसला. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. आपल्याला यजमानांचं गुपित दाखवायला हा देवमाणूस धावून आला, अशी त्याची ठाम समजूत झाली होती. त्याने फटाफट फोटो काढले, मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि पोरांना ओरडून हुकूम दिला.

त्यातला एक सोनेरी केसांचा पोरगा रॅकेट घेऊन थेट जवळ्यात शिरला. कुर्रकुर्र असा आवाज झाला. अलीकडून दुसऱ्याने सर्व्हिस केली. चेंडू जवळ्यावर पडला आणि तिथेच बसला. उसळलाच नाही. कॅप्टनने मान डोलावली, जणू त्याला हीच भीती होती. पोरगा घसरला, उठला, पुन्हा घसरला. दुसरी सर्व्हिस नेटवर लागली आणि बोंबलांची एक जोडी उडून मांजरांच्या पुढ्यात पडली. मांजरांना खेळ आवडला.

"मुकुल," बाबा हळूच म्हणाले, "त्यांना सांग रे."

"बाबा, पास जातील."

"अरे, त्या बाईचा माल आहे तो."

तेवढ्यात मंजुळा चहाचा ट्रे घेऊन आली. तिने बघितलं. ट्रे पायरीवर ठेवला आणि खराटा उचलला.

"जवला! अरे माझा जवला! मेल्यांनो, जवला तुडवतात!"

ती धावली आणि सोनेरी केसांचा तो पोरगा, जगात बऱ्यापैकी वरच्या नंबरावर असलेला, नेटवरून उडी मारून अलीकडे आला. बाकीचे तिघे कुंपणाला चिकटले. मंजुळा कोर्टाला चक्कर मारत "जवला! जवला!" करत होती, आणि कॅप्टन मला विचारत होता, "ही पंच आहे का?"

शेवटी बाबाच काठी टेकत पुढे झाले. त्यांनी आधी मंजुळासमोर हात जोडले. मग कॅप्टनला जुन्या, ठेवणीतल्या इंग्रजीत सगळं सांगितलं. हे कोर्ट नाही, हे जेवण आहे. या बाईंनी वाळत घातलेलं. सामना साध्या सिमेंटवरच होणार. माझा मुलगा घाबरून गप्प बसला, कारण त्याला मला तुमच्या बाकामागे बसवायचं होतं.

कॅप्टनने जवळ्याकडे बघितलं. मग मोबाइलकडे. "पण मी तर फोटो पाठवले," तो म्हणाला. "सामनाधिकाऱ्यांना. तक्रार म्हणून."

गाडीत बसेपर्यंत सौरभचा फोन आलाच.

"मुकुल, सामना सुकटीवर होणार असं तू सांगितलंस?"

"मी काहीच सांगितलं नाही. तेवढंच तर म्हणालो होतो..."

"पास विसर यार. तुला पण विसरतो मी आता."

तुडवलेला जवळा मंजुळा कुणाला विकणार? "तूच तुडवलास, तूच घे," ती म्हणाली, आणि बरोबरच होतं. पैसे दिले आणि पोती भरून डिकीत टाकली. बाबा रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मढहून मार्व्यापर्यंत तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मला फार वाईट वाटलं. एक साधी गोष्ट मागितली होती, आणि मी त्यांना डिकीभर जवळा दिला.

सामन्याच्या आदल्या दिवशी पाहुण्यांच्या हॉटेलचा माणूस एक पाकीट घेऊन दारात आला. आत एकच पास होता. पाहुण्या संघाच्या राखीव जागांतला, त्यांच्या कॅप्टनच्या बाकाच्या बरोब्बर मागचा. बरोबरच्या कार्डावर लिहिलं होतं: 'जे खरं बोलले त्या आजोबांसाठी.' माझ्यासाठी काही नव्हतं. मी पाकीट उलटं करूनही बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि दीप्ती टीव्हीसमोर बसलो. ताटात जवळ्याची चटणी. आठवडाभर आमच्याकडे दुसरं काही शिजतच नव्हतं. सोनेरी केसांचा पोरगा आपल्या खेळाडूविरुद्ध खेळत होता.

"ते बघ, बाबा!" दीप्ती ओरडली.

बाबाच होते. परक्या देशाच्या रंगाची टोपी घालून, परक्या झेंड्याखाली बसले होते आणि पाहुण्यांच्या पॉइंटला शांतपणे टाळ्या वाजवत होते.

"हे काय करतायत?" मी म्हणालो.

"पाहुणचार," दीप्ती म्हणाली. "तुला जमला नाही तो."

पोरगा पहिला सेट हरला. मग मात्र काय झालं कळेना. दर ब्रेकला कॅप्टन त्याच्या कानाशी वाकायचा, पोरगा फिसकन हसायचा, आणि उठून अशी सर्व्हिस करायचा की आपला माणूस बघत राहायचा. कॉमेंट्रीवाले म्हणाले, यांच्या कॅप्टनने काहीतरी जबरदस्त डावपेच सांगितलेला दिसतोय. सामना गेला.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो, तेव्हा बाबा घरी आले. गुडघे दुखत होते, पण चेहरा असा फुलला होता की माझं सगळं ओझं उतरलं. त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मग? ऐकलंत ना जवळून? कॅप्टन कानात काय सांगतो?"

"त्यांची भाषा रे, मला काय कळणार," बाबा म्हणाले. "एक शब्द तेवढा कळला. प्रत्येक वेळी तोच."

"कुठला?"

बाबांनी माझ्या ताटाकडे बघितलं.

"जवला," ते म्हणाले. "तो म्हटला की पोराला हसू फुटायचं, आणि अंग मोकळं झालं की सर्व्हिस सुटायची."

मी खाली बघून जेवत राहिलो. आपण तो सामना का हरलो यावर टीव्हीवर चार तज्ज्ञ अजून वाद घालत होते. चटणीत काहीतरी चिवट लागलं म्हणून काढून बघितलं, तर टेनिसच्या चेंडूचा पिवळा धागा होता. तो मी गुपचूप ताटाच्या कडेला ठेवला. सौरभला यातलं काही सांगू नका.